पायरी

"आमच्या घराण्यात आजवर कुणी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही," ह्यांनी मिहिरला सुनावलं. मिहिर म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, विमा एजंट. "म्हणे आरोग्यविमा काढा! सख्ख्या काकाच्या दुखण्यावर कमिशन खाणार तू?"

पोरगं चहा तसाच ठेवून उठलं. गाडीचा विमा मात्र ह्यांनी त्याच आठवड्यात भरला. तिला ओरखडा उठला तर काय घ्या!

दिवाळीनंतर ह्यांच्या छातीत कळ आली. पण माणूस शब्दाचा पक्का हो! दवाखान्याची पायरी चढले नाहीतच. स्ट्रेचरवर आडवे होऊन, रॅम्पवरून थेट आयसीयूत गेले.

पायऱ्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या. आधी पतपेढीच्या, मग सोनाराच्या. तरी बिल भागेना, तेव्हा धाकट्या जावेच्या.

वर जाताना मी मनात उत्तरं जुळवत होते. तो हे बोलला तर असं म्हणायचं, ते बोलला तर तसं. दार मिहिरनेच उघडलं. माझ्याकडे बघून बाजूला झाला.

"काकू, आत या. आधी चहा घ्या."

मेल्याने एक टोमणासुद्धा मारला नाही.