पेलाभर नदी

सरांची दृष्टी गेली, त्याच वर्षी यानानं मंगळावरच्या त्यांच्या लाडक्या दरीची मोजमापं पाठवली. "ही पाण्यानं कोरलीय," असं सर जन्मभर सांगत आले आणि "वाऱ्यानं असेल," म्हणत बाकीचे हसत आले. जुन्या विद्यार्थिनीनं त्या मोजमापांवरून दरीचं हुबेहूब मॉडेल बनवलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांची बोटं वळणावळणानं उतरत गेली. मग काय मनात आलं कोण जाणे, शेजारचा पाण्याचा पेला चाचपडत उचलून त्यांनी दरीच्या वरच्या टोकाशी रिता केला. "अहो सर!" ती ओरडली, आणि बघतच राहिली. पाणी एकही वळण न चुकता खाली धावलं, मुखाशी पंख्यासारखं पसरलं आणि टेबलावरून टपटपू लागलं. स्वयंपाकघरातून काकू फडकं घेऊन आल्या. "आज पुन्हा काय सांडलंत?" सरांनी भिजलेलं बोट वर धरलं. "सांडलं कुठं? वाहतंय, वाहतंय!"