आधी शिंपी

शिंप्याच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. एक बाई दुकानाची पायरी चढल्या आणि शिंप्याच्या डोक्यावरून आत डोकावत म्हणाल्या, "शिंपीणबाई नाहीत का?"

"शिंपी आहे की," शिंपी म्हणाला.

"असू दे. उद्या येते."

शिंप्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सुईत दोरा कसा ओवायचा इथपासून सगळं त्यानंच बायकोला शिकवलं होतं. आतल्या खोलीत धाकटी मोठ्यानं धडा घोकत होती : धोबी, धोबीण. माळी, माळीण. शिंपी, शिंपीण.

बायको पाणी घेऊन परतली तसा तो म्हणाला, "ऐकलंस? आधी शिंपी, मग शिंपीण. मी नसतो तर तू कोण झाली असतीस?"

"कुंभाराच्या पदरात पडले असते तर कुंभारीण," ती हसली. "मडकी वळली असती." आणि स्वयंपाकाला आत गेली.

खुंटीवर शाळेतल्या मास्तरांचा कोट होता. बाही तिनं लावलेली. खांद्यावर एक चुणी नाही. शिंपी बराच वेळ त्या खांद्याकडे पाहत राहिला. मग त्यानं कोट काढला, बाही उसवली आणि पुन्हा स्वतः लावली. एरवी कच्चे टाके घातल्याशिवाय तो बाही मशीनखाली सरकवत नसे. त्या दिवशी तेवढाही दम धरवला नाही.

संध्याकाळी मास्तरांनी कोट अंगात घातला. खांद्यावर बाही वांग्यासारखी फुगली.

"हे काय हो?"

शिंपीण पुढे आली. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं. टीप कोणाची ते बोटालाच कळलं. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"माझ्या हातून चुकलं, मास्तर. उद्या न्या."

"तुमच्या हातून?" मास्तर हसले. त्यांनी शिंप्याकडे एकदा पाहिलं आणि कोट तिच्याच हातात दिला.

ते गेल्यावर तिनं कोट नवऱ्यापुढे ठेवला.

"उसवायला तुम्हीच घ्या," ती हळूच म्हणाली. "हात बसलाय तुमचा."

शिंपी खाली मान घालून एकेक टाका उसवत राहिला.

धाकटीच्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात तो वारला. गल्लीत जो तो दुसऱ्याला सांगत होता, "शिंपीणबाईंचे यजमान गेले."