शेजारची सीट

सबवूफरची, म्हणजे गाण्यातला खर्ज घुमवणाऱ्या स्पीकरची, पेटी प्रथम दोन सीटांच्या मधोमध ठेवून पाहण्यात आली. तेव्हा गिअर टाकता येईना. नंतर ती सीटांच्या मागे सरकवली, तर सीट पुढे येऊन मालकाचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. ती लाल, दुमडत्या छताची स्पोर्ट्स कार इतकी आटोपशीर होती, की दोन माणसे आत बसल्यानंतर खिशातला रुमाल काढण्यासही दुसऱ्याची परवानगी लागावी.

गाडीचा मालक व्यवसायाने घड्याळजी होता. वय साठ, देहयष्टी काडीसारखी. गाडीच्या प्रत्येक कोपऱ्याचे माप त्याने मिलिमीटरमध्ये कागदावर टिपून आणले होते. स्पीकर बसवणारा फिटर कानाचा इतका तयार होता, की सारा बाजार त्यास कानसेन म्हणे. तिसरा होता घड्याळजीचा शाळेपासूनचा मित्र, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. घड्याळजी त्यास ढोल्या म्हणे, आणि ते नाव त्याच्या शरीरास जराही सैल होत नसे.

येत्या रविवारी या दोघा मित्रांनी याच गाडीतून डोंगरापलीकडच्या दीपगृहापर्यंत जाण्याचे योजिले होते. त्याकरिता बेकरीवाल्याने हनुवटीखाली पट्टा असलेली एक टोपीही खरेदी केली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून. ती टोपी या क्षणी त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होती.

"आता ही एकच जागा," कानसेन म्हणाला, आणि शेजारच्या सीटपुढे, जेथे बसणाऱ्याने पाय ठेवावयाचे, तेथे त्याने पेटी उतरवली. ती अशी चपखल बसली, जणू मापानेच शिवली होती. गाणे लावले. बेस असा काही घुमला, की घड्याळजीचे डोळे आपोआप मिटले.

"आणि इथे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे?" डोळे न उघडताच त्याने विचारले.

"मांडी घालून बसायचं."

दोघांचीही नजर बेकरीवाल्याकडे वळली. बेकरीवाल्याची नजर स्वतःच्या पोटाकडे वळली. त्या पोटासमवेत मांडी घालणे ही गोष्ट आता त्याच्या हातची राहिलेली नव्हती.

त्याने टोपी खिशात खोलवर दाबली. मग तो हसत हसत बोलू लागला. मोटारीत आपल्याला तसेही मळमळते. रविवारी सकाळी भट्टीपाशी कोणी तरी हवेच. वाटलेच तर आपण मागाहून बसने येऊ आणि दीपगृहाच्या पायरीवर भेटू. हे सारे तो समोरच्या टायरला उद्देशून सांगत होता.

"चाळीस वर्षं या गाडीची वाट बघितलीस ना लेका," तो शेवटी म्हणाला. "मग गाणं तरी नीट वाजू दे की."

घड्याळजीने मापांच्या कागदाची चौकोनी घडी घातली.

"डिकीत टाका," तो कानसेनला म्हणाला.

कानसेनने कपाळाला हात लावला. डिकीत पेटी घातली की सीटमागचा पत्रा बोंबलणार, या जातीच्या गाड्यांचे ते जुनेच दुखणे आहे, असे त्याने परोपरीने समजावले. घड्याळजी म्हणाला, बोंबलू दे.

आणि पत्रा खरोखरच बोंबलला. खिळ्यांचा डबा कोणी जिन्यावरून सोडून द्यावा, तसा. कानसेनने रबराच्या पट्ट्या लावल्या, फोम कोंबला, आणखी फोम कोंबला. तास उलटला. पत्र्याने हट्ट सोडला नाही. घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडले तरी ज्यास जेवण गोड लागत नसे, तो घड्याळजी म्हणाला, "ठीक आहे, चालेल."

कानसेन मात्र हार मानणारा नव्हता. पत्रा नेमका कोठे थरथरतो हे चाचपण्याकरिता तो डिकीत कंबरेपर्यंत शिरला आणि आतूनच ओरडला, "शेठ, जरा पुढे बसून पाठीने मागे रेटा द्या बरं."

बेकरीवाला गाडीत दोन हप्त्यांत शिरला. सीट कण्हली. त्याने पाठ टेकताच सीट मागे दबून पत्र्यावर घट्ट बसली.

पत्रा गप्प झाला.

गॅरेजात केवळ गाणे उरले. बेस जमिनीखालून यावा तसा येत होता; खोल, गोल, निवांत. कानसेन डिकीतून बाहेर आला, त्याने बेकरीवाल्यास उठवले. पत्रा बोंबलला. बसवले. गप्प. मग कानसेन स्वतः बसून पाहता झाला. पत्र्याने त्यास जुमानले नाही. घड्याळजी बसला, तेव्हा तर पत्रा अधिकच चेकाळला. तिसऱ्या खेपेस बेकरीवाला घामाघूम होऊन हसत होता आणि सीटही त्याच्यासोबत हलत होती, परंतु पत्र्याने ब्र काढला नाही.

कानसेनने हात पुसले. पत्रा बदलावयाचा तर आठवडा लागेल, असे तो म्हणाला.

"कशाला?" घड्याळजी म्हणाला. "भाग बरोबर बसलाय."

"आणि हे शेजारी नसतील तेव्हा?"

"तेव्हा गाणं बंद."

कानसेन डिकीतल्या पेटीचे स्क्रू आवळू लागला. बेकरीवाला गाडीतून उतरला नाही. त्याने खिशातली चुरगळलेली टोपी काढली, मांडीवर ठेवून सरळ केली, डोक्यावर चढवली आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट आवळला.

रविवारला अद्याप चार दिवस होते.