आडवी चीर

फाउंड्रीच्या फाटकावर रोज सकाळी प्रत्येकाला चुंबकी पूड पिऊन विजेच्या गोल कड्यात उभं राहावं लागे. मन तडकलेलं असलं, की जांभळ्या दिव्याखाली छातीवर हिरवी रेघ उमटे. नुकतीच बायको गेलेल्या बाळू पोवाराला ती उमटली, तशी निंबाळकर साहेबांनी त्याच्या शर्टावर लाल खडूनं फुली मारली. भंगार!

ओतीव माल तपासण्यात केस पिकलेल्या इंदूबाई भडकल्या. "लोखंडाची चीरसुद्धा आपण घासतो, भरतो, पुन्हा तपासतो. माणसाला तेवढंही न्हाई?"

"मीही रोज तपासून घेतो," म्हणत साहेब कड्यात शिरले. रेघ उमटली नाही.

"एकाच बाजूनं तपासलं की निम्म्या चिरा लपतात, साहेब." इंदूबाईंनी कडं आडवं फिरवलं.

साहेबांच्या छातीवर हिरवं जाळं पेटलं.

"आता मारा की फुली!"