चांदणीची भूक

“शोधायच्या चौकटीत आता एक स्पेस, त्याच्या पुढे महिरपी कंसात दोन आणि स्वल्पविराम,” रामहरी सर म्हणाले. “याचा अर्थ काय झाला?”

“जिथं दोन किंवा जास्त स्पेस पडल्यात, ते सगळं शोध.”

“आणि त्या जागी?”

“एकच स्पेस टाक.”

“शाबास. दाब.”

शॅरनने कळ दाबली. पडद्यावर चौकट आली. एकशे बारा ठिकाणी बदल केले होते.

“सर, चार पानांच्या लेखात एकशे बारा!”

सर मोकळेपणाने हसले. लेख त्यांनी स्वतः टाइप केलेला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी. “तीस वर्षं टाइपरायटरवर काढली, पोरी. पूर्णविराम दिला की अंगठा स्पेसवर आपोआप दोनदा पडतो. ही खोड आता माझ्याबरोबरच जायची.”

शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सर रोज श्रीरामपुरात शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात येत. कुणाला काही अडलं की खुर्ची ओढून शेजारी बसत. शॅरन इथली टायपिस्ट, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. तिला येत होतं त्यातलं निम्मं सरांनीच शिकवलेलं.

“आता खरं काम,” सर म्हणाले. “अहवाल उघड.”

संस्थेच्या एका शाळेत खिचडी खाऊन मुलं आजारी पडली होती. मुलं बरी होऊन घरी गेली, पण चौकशी बसली. समितीचे सचिव रामहरी सर. जबाब शॅरनने हाताने लिहून घेतले होते आणि तीन दिवस बसून टाइप केले होते. मुलांची नावं कंसात होती. अहवाल बाहेर जाण्याआधी ती काढायची होती.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी तिच्या जागेवर बसून अहवाल वाचून काढला होता. “एक चूक नाही. शंभरपैकी शंभर,” ते म्हणाले होते.

“आधी काय करायचं?”

“मूळ फाइलची प्रत ठेवायची.”

तिने प्रत ठेवली.

“आता वाइल्डकार्डवर खूण कर. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. चांदणी म्हणजे काहीही, कितीही. उघडा कंस, चांदणी, बंद कंस. दोन्ही कंसांच्या आधी उलटी तिरकी रेघ दे. बदली काहीच लिहू नकोस.”

“म्हणजे चांदणी मधलं सगळं खाणार?”

“तिला भूक फार. बंद कंस भेटेपर्यंत थांबत नाही.”

“आणि एखादा कंस आधीच चुकून उघडा राहिला असेल तर?”

सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. “असा प्रश्न माझ्या वर्गात एकट्या काकासाहेबाने विचारला असता. पण टाइप तू केलंयस. तुझा कंस उघडा राहील होय?”

शॅरन लाजली. तिने कळ दाबली. अडतीस ठिकाणी बदल झाले. समितीच्या सह्या त्याच संध्याकाळी झाल्या.

पंधरा दिवसांनी बायडाबाई कार्यालयात आली. चौदा वर्षं ती त्या शाळेत खिचडी शिजवत होती. तिच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र होतं आणि अहवालाचं एक पान.

“पोरीनं वाचून दावलं, ताई. मी एवढंच बोलले हुते का?”

शॅरनने पान वाचलं. ‘तांदूळ मीच निवडला, मीच शिजवला. माझंच चुकलं, शिजवायला नको होतं.’

“याच्या मधलं कुठं गेलं? तुमीच लिहून घेत हुता न्हवं?”

शॅरनने पान पुन्हा वाचलं. “बघते मी, मावशी,” एवढंच ती म्हणाली.

“बघा बाई. काम गेलं ते गेलं. पर गावात मला पोरांना इख घालनारी म्हनत्यात.”

ती गेल्यावर शॅरन तडक सरांच्या घरी गेली. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

“माझाच कंस उघडा राहिला, सर. तिचा जबाब मी खाल्ला.”

सरांनी तिला पाणी दिलं. “चुका मुलांकडूनच होतात. रागावलो का मी कधी?”

“मी संस्थेच्या साहेबांना जाऊन सांगते.”

“सांगितलंस तर तुझी नेमणूक पुन्हा होणार नाही. आणि तिचं काम परत मिळेलच असं कुठं आहे? सह्या झाल्यात. मी कुणाला बोलणार नाही. तुझ्यापाशी ती जुनी प्रत असेल ना?”

“आहे.”

“पुसून टाक. उगाच कुणाच्या हाती लागायला नको.”

शॅरन त्यांच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात सगळ्यांच्या आधी आली. जुनी प्रत पुसण्याआधी आपली चूक एकदा डोळ्यांनी बघावी, असं तिला वाटलं. तिने हाताने लिहिलेली वही काढून शेजारी ठेवली.

वहीत होतं: ‘तांदूळ मीच निवडला, मीच शिजवला, पण त्याला वास येत होता. मुख्याध्यापक काकासाहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, शिजव. पहिली उलटी एका मुलीला झाली. (आरती) माझंच चुकलं, शिजवायला नको होतं.’

पडद्यावर उघडलेल्या जुन्या प्रतीत सगळं तसंच होतं. फक्त ‘शिजवला’च्या पुढचा स्वल्पविराम नव्हता. ‘पण’ नव्हता. तिथे पूर्णविराम होता, आणि ‘त्याला’च्या आधी एक उघडा कंस.

शॅरनने कर्सर पूर्णविरामाच्या पुढे नेऊन ठेवला. मधल्या स्पेस ओलांडून कंसापर्यंत पोचायला तिला बाणाची कळ दोनदा दाबावी लागली.