सात पूर्वजांची नावं

"एजे, ही फीत एकदाच वाजेल," बिश्केकच्या रेडिओ केंद्रातला एर्मेक थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला. "वाजता वाजता तिचा लेप झडत जाईल. तेवढ्यात आवाज संगणकात उतरला, तर पुढे कुणालाही घरबसल्या ऐकता येईल."

सुयुमकानने डबा छातीशी धरला. लहान मुलं आपल्या सात पूर्वजांची नावं म्हणून दाखवत, त्या जुन्या कार्यक्रमाची ती फीत होती. त्यात तिचा मुलगा तालांत होता. मोठेपणी तो सैन्यात गेला आणि परतलाच नाही.

"आणि नाही उतरला तर?"

"तर गेला."

"मग राहू दे. डब्यात तरी आहे माझा पोरगा."

"डब्यातही टिकणार नाही, एजे. आत्ताच भुगा पडतोय."

"तूच घाबरलायस की रे! पहिल्यांदा घोड्यावर बसवल्यासारखा बसलायस." पण तिने डबा पुढे केला आणि डोळे गच्च मिटले.

चाकं फिरली. बराच वेळ नुसती खरखर. मग निवेदिका हसली, "बाळ, तुझी आई बघ किती घाबरलीये!"

"अपा, घाबरू नकोस ना," तालांत म्हणाला. "मी कुणालाही विसरणार नाही."