नऊपर्यंत सायकली

उनाइसी खालच्या खडकांवरून पायऱ्या चढत धडपडत आली ती थेट लोखंडी फाटकावर आदळली. गुडघे सोललेले, अंगभर चिखल, हातात खेकडे उकरायची सळई. फाटकापलीकडे, वरच्या वाटेवर, रखवालदार कितिओने उभा होता. गळ्यातल्या दोरीला किल्ली.

"कुलूप काढ. वासितीचा पाय दगडमाशाच्या विषारी काट्यावर पडलाय. तिला उभं राहता येत नाही. पाणी चढतंय."

कितिओने खो खो हसला.

सुवा शहराच्या किनाऱ्यावर ही नवी वाट झाली, चालणाऱ्यांना एक पट्टा, सायकलवाल्यांना एक. फाटकातून पायऱ्या खाली चिखलात उतरत होत्या, बायका त्यांवरूनच शिंपल्या वेचायला जायच्या. मग त्यांच्या चिखलाच्या पावलांवरून कुणाची तरी सायकल घसरली आणि फर्मान निघालं, सकाळी नऊपर्यंत वाट सायकलींची, तोवर फाटक बंद. बायका खडकांवरून ये-जा करू लागल्या. दोन्ही पाय धड असतील तर ते जमतं. फर्मान काढणाऱ्याने जन्मात एक शिंपली वेचली नसणार.

कितिओने दगडाच्या काळजाचा नव्हता. त्याच्या आणि उनाइसीच्या गावाचं नातं तौवूचं. अशा दोन गावच्या माणसांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, फसवावं, हातातली वस्तू हिसकावून न्यावी. रागवायचं मात्र नाही. गेल्याच शुक्रवारी उनाइसीने डोळ्यांत पाणी आणून त्याला त्याची आई गेल्याचं सांगितलं होतं. तो रडत बसमध्ये चढला आणि घरी पोचला तर म्हातारी अंगणात कसाव्याचे कंद सोलत बसलेली. त्यानंतर किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही त्याला आईची खुशाली विचारत होतं.

"आज नाही फसायचा मी," तो फाटकाला टेकत म्हणाला. "नऊपर्यंत सायकली. तोवर वासितीला सांग, त्या माशाशी लग्न कर. नवऱ्यापेक्षा तो बरा."

उनाइसीने शिवीला शिवी दिली नाही. ती विनवण्या करू लागली. माझ्या भावाची बायको आहे ती, असं म्हणाली. तू चांगला माणूस आहेस, असंही म्हणाली. तौवू गोड बोलायला लागला की फसवणार हे ठरलेलं, त्यामुळे कितिओनेला जास्तच हसू फुटलं.

तिने गजांतून हात घालून किल्लीची दोरी पकडली आणि जीव खाऊन ओढली. त्याचं तोंड गजांवर आपटलं. ओठ फाटला. तरी तो हसतच होता. फिरायला आलेल्या दोघी थांबल्या, एका सायकलवाल्याने फोन बाहेर काढला. तौवू आहेत ते, यांचं असंच चालतं, असं तो शेजारच्याला सांगत होता.

मग उनाइसीने सळई चालवली. पहिला वार मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा तोंडावर. त्याचे दोन दात खाली पडले आणि हसणं बंद झालं. बघणारे मात्र हसत होते. तिसऱ्या वाराला दोरी तुटली. कितिओने मटकन खाली बसला.

तिने कुलूप काढलं आणि पायऱ्या उतरत धावत सुटली. फाटक सताड उघडं राहिलं. तिला पाण्याकडे धावताना बघून ही थट्टा नव्हती हे कितिओनेला कळलं. तो तसाच रक्त थुंकत तिच्यामागे पळाला.

वासिती फार लांब नव्हती. पाणी मांडीएवढंच होतं. पण ती बसलेली होती, आणि वेदनेने केव्हातरी पुढे कलंडली होती. पाण्यावर फक्त तिची पाठ दिसत होती.

कितिओनेने तिला एका हाताने खांद्यावर घेतलं. मोडलेला हात लोंबत होता. पायऱ्या चढून तो वाटेवर आला आणि सायकलींच्या पट्ट्यातच त्याने तिला उताणं ठेवलं. उनाइसीने तिची छाती दाबली, तोंडात श्वास भरला, पुन्हा पुन्हा. वासितीच्या तोंडातून नुसतं गढूळ पाणी येत राहिलं. शेवटी उनाइसी थांबली. तिच्या वहिनीचे डोळे उघडेच होते.

मागून कुणीतरी वाट मोकळी करायला घंटी वाजवली. कुणी हललं नाही.

कितिओने गुडघ्यांवर बसला. फुटक्या तोंडाने त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "माफ कर," तो कसाबसा म्हणाला.

उनाइसीने वासितीचे डोळे मिटले.

"तौवूची माफी मागायची नसते," ती त्याला म्हणाली. "शिवी दे."